मागच्या बाकापर्यंत दिसलं पाहिजे : ओरा व्हाइट हिचकॉक प्रकल्पाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

यंदाच्या विज्ञान दिनाला जिन्याशेजारची लांब भिंत चित्रकला आणि भूगोल या दोन विषयांना मिळून मिळाली आहे. दरवर्षी तिथे शास्त्रज्ञांचे फोटो लागतात, खाली जन्म-मृत्यू-शोध. मुलं त्यांच्यासमोरून डबा खायला पळतात. मी बैठकीत म्हटलं, एकच व्यक्ती घेऊ, पण नीट घेऊ. विज्ञान शिकवण्यासाठी आयुष्यभर चित्रं काढलेली शिक्षिका असेल तर दोन्ही विषयांचं काम होईल.

नाव सुचवलं : ओरा व्हाइट हिचकॉक. जन्म ८ मार्च १७९६, ॲमहर्स्ट, मॅसॅच्युसेट्स. मृत्यू २६ मे १८६३, गाव तेच. अमेरिका स्वतंत्र होऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती तेव्हा जन्मलेली.

जन्मतारीख ऐकल्यावर मोठ्या बाई लगेच म्हणाल्या, मग महिला दिनापर्यंत राहू दे प्रदर्शन. निव्वळ योगायोगाने भिंत आठवडाभर जास्त मिळाली. मी काही बोलले नाही.

१९ नोव्हेंबर

पहिल्या फलकासाठी टिपणं काढली.

वडील जॅरिब व्हाइट, सुस्थितीतले शेतकरी. मुलीला घरी शिक्षक ठेवून शिकवलं, पुढे शाळेतही पाठवलं. त्या काळात मुलीला भरतकाम, थोडं फ्रेंच, थोडी चित्रकला आली की शिक्षण पुरं झालं असं समजत. ओराला त्याखेरीज गणित आणि खगोलशास्त्रही येत होतं. १८१३ मध्ये, सतराव्या वर्षी, ती डीअरफील्ड अकादमीत शिकवायला लागली. मुलींना रेखाटन-रंगकाम शिकवायचं आणि निसर्गविज्ञानही. १८१८ पर्यंत ती तिथे होती.

सतरा वर्षांची शिक्षिका म्हणजे वर्गातल्या थोरल्या मुलींच्याच वयाची. आमच्याकडे डी.एड. करून पहिल्यांदा वर्गावर जाणारी मुलगीही तिच्यापेक्षा मोठी असते.

ज्याच्याशी पुढे तिचं लग्न झालं तो भूशास्त्रज्ञ एडवर्ड हिचकॉक या गोष्टीत नंतर येतो. तो डीअरफील्डचाच, टोप्या बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. हार्वर्डला जायची तयारी करत होता, पण गालगुंडाच्या आजारात डोळे अधू झाले आणि तो बेत राहिला. पुढे अकादमीचा मुख्याध्यापक म्हणून रुजू झाला तेव्हा ओरा तिथे आधीच शिकवत होती. क्रम असा आहे, तेव्हा फलकावरही असाच लावायचा. जिथे वाचावं तिथे तिची ओळख ‘भूशास्त्रज्ञाची पत्नी’ अशी सुरू होते. नोकरीचा दाखला काढला तर ती सेवाज्येष्ठ!

२७ नोव्हेंबर

दुसरा फलक वनस्पतींचा. १८१७ ते १८२१ या काळात तिने आसपासच्या फुलझाडांची आणि गवतांची जलरंगात एक वही केली. वहीचं नाव लॅटिन : ‘हर्बेरियम पार्वम पिक्टम’, म्हणजे चित्रांतला छोटा वनस्पतिसंग्रह. दीडशेहून जास्त वनस्पती आहेत. वही डीअरफील्ड अकादमीने जपून ठेवली आहे.

एडवर्ड तेव्हा वनस्पती गोळा करून कागदात दाबून ठेवत होता. दाबलेल्या फुलाचा आकार राहतो, रंग जातो. नववीच्या मुलींना हे सांगून पटलं नसतं, म्हणून गणपतीत वहीत दाबून ठेवलेला तेरडा काढून दाखवला. गुलाबीचा चहाच्या डागासारखा रंग झाला होता. पाकळीमागची शेपटी मात्र जशीच्या तशी. मग त्यांना ओराच्या पानाचं छायाचित्र दाखवलं. मुली आपणहून विचारायला लागल्या की फूल खुडल्यावर किती वेळात रंग धरावा लागतो, पान आधी की पाकळी आधी. पाकळी आधी, अर्थात.

१८२१ सालची दुसरी छोटी वही भूछत्रांची आणि दगडफुलासारख्या वाढीची : ‘फंगी सिलेक्टी पिक्टी’. ती स्मिथ कॉलेजात आहे. भूछत्र फुलासारखं दाबून नीट टिकत नाही, बऱ्याचदा थोड्या दिवसांत त्याचा चिखल होतो. तिथे चित्र हाच नमुना, म्हणून चुकायला जागा नाही. तिच्या छत्र्यांखालच्या चुण्या मी बराच वेळ मोठ्या करून पाहत बसले. एकेक चुणी देठाकडे निमुळती होत गेलेली, आणि दोन चुण्यांमधली सावली एकाच फटकाऱ्याची. केसाएवढ्या कुंचल्याचं काम आहे. हात थरथरला असता तर कळलं असतं.

त्याच १८२१ साली तिचं आणि एडवर्डचं लग्न झालं. तो कॉन्वे गावच्या चर्चचा पाद्री झाला, चार वर्षांत तब्येतीपायी ते सोडलं. या भागाला फलकावर दोन ओळी पुरेत.

५ डिसेंबर

आता मुख्य ऐवज : वर्गातले तक्ते.

१८२५ मध्ये एडवर्ड ॲमहर्स्ट कॉलेजात रसायनशास्त्र आणि निसर्गविज्ञान शिकवायला आला. कॉलेज १८२१ मध्ये सुरू झालेलं, पैशाची ओढाताण कायमची. भूशास्त्र शिकवायचं तर थर, शिरा, भेगा, प्राचीन प्राण्यांचे सांगाडे दाखवायला हवेत. छापील तक्ते विकत मिळण्याचे ते दिवस नव्हते. युरोपातल्या महागड्या ग्रंथांत तळहाताएवढी कोरीव चित्रं असत, ती पन्नास मुलांच्या वर्गात फिरवणार कशी?

ओराने ती कापडावर मोठी करून दिली. १८२८ पासून पुढची बारा-पंधरा वर्षं हे काम चाललं. लिननवर किंवा सुती कापडावर काळ्या शाईची जाड रेघ, आत सपाट रंग. साठाहून अधिक तक्ते आज ॲमहर्स्टच्या अभिलेखागारात आहेत. हत्तीसारखा प्राचीन मॅस्टोडॉन आहे, जमिनीवरचा राक्षसी स्लॉथ म्हणजे मेगाथेरियम आहे, लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी प्लेसिओसॉर आहे. देनी द मॉन्टफोर्ट या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने कल्पिलेला अवाढव्य ऑक्टोपसही आहे, जहाजालाच विळखा घालणारा! शास्त्र म्हणून तो तेव्हाही संशयास्पद होता. पण तो टांगलेला असताना मुलं दुसरीकडे बघत असतील का?

मला त्याहून आवडतात ते खडकांच्या छेदाचे, म्हणजे डोंगर उभा कापून आतले थर दाखवल्यासारखे तक्ते. आडवे पट्टे, त्यांना तिरकी कापत गेलेली एखादी शीर, भेगेपाशी खाली घसरलेला अर्धा डोंगर. झाड नाही, आकाश नाही, छाया नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा अनेकांना हे तक्ते विसाव्या शतकातल्या अमूर्त चित्रांसारखे वाटले. वाटोत. मला त्यांत सरळ फळ्यावरची शिस्त दिसते. तीच बाई भूछत्राच्या चुणीला इतका जीव लावते आणि इथे सगळी नजाकत गुंडाळून ठेवते, कारण इथे शेवटच्या रांगेतल्या मुलाला दिसायला हवं.

९ डिसेंबर

एक छेद-तक्ता मुलींकडून कापडावर उतरवून घ्यायचं ठरलं. आधी मी करून पाहिलं.

मांजरपाट आणला, धुऊन आटवला. कोऱ्या कापडावर शाई टेकवली की ती धाग्याधाग्याने पळते, रेघेला दोन्हीकडून मिशा फुटतात. तांदळाची खळ लावून, अर्धवट ओलं असतानाच इस्त्री केली, मग रेघ जागेवर राहिली. खळ जास्त झाली तर कापड कडक होऊन गुंडाळताना चिरा पडतात आणि रंग खपलीसारखा सुटतो. पातळ खळ, दोन हात, हे जमलं.

बोरू कापडाच्या विणीत अडकतो. गोल कुंचला चार नंबर बरा. लांब सरळ रेघ पट्टीने मारू नये, पट्टीखाली शाई शिरते. खडूच्या दोरीने ठसा उठवावा आणि त्यावरून एका श्वासात हात ओढावा. घर बांधताना गवंडी लाइन मारतात तसं.

रेघेची जाडी ठरवायला कापड फळ्यावर लावलं आणि दहावी ‘ब’च्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. दोन मिलिमीटरची रेघ नाहीशीच झाली. पाच-सहा मिलिमीटरची स्पष्ट. दोन शेजारच्या थरांना जवळचे रंग दिले तर लांबून एकच थर दिसतो, म्हणून गेरूशेजारी राखाडी, राखाडीशेजारी पिवळट. ओराच्या तक्त्यांत रंग असे एकाआड एक का येतात ते या बाकावरून लगेच कळतं.

दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. शिपाईमामा म्हणाले, बाई, दिवाळी झाली ना?

१५ डिसेंबर

भूगोलाच्या बाईंना आपल्याकडचा एक धागा सापडला, आणि तो खरा आहे.

एबेनेझर बर्जेस नावाचा विद्यार्थी १८३१ मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजातून पदवीधर झाला. म्हणजे एडवर्ड तिथे शिकवत होता आणि ओराने तक्ते करायला घेतले होते त्या वर्षांत तो तिथे होता. पुढे तो अमेरिकन मिशनतर्फे १८३९ मध्ये आपल्याकडे आला आणि अहमदनगरला काम करू लागला. शाळांसाठी मराठीत खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक तयार करायला घेतलं तेव्हा त्याला इथल्या ज्योतिषग्रंथांचा अभ्यास करावा लागला. त्यातूनच ‘सूर्यसिद्धान्ता’चं इंग्रजी भाषांतर उभं राहिलं, ते १८६० मध्ये प्रसिद्ध झालं. संस्कृतचे अभ्यासक आजही ते वापरतात.

भूगोलाच्या बाईंना यावर अख्खा फलक हवा होता. मी अर्धाच दिला. बर्जेसने ओराचे तक्ते बघितले असणार असं आपल्याला वाटलं तरी फलकावर लिहायचं ते एवढंच की तो त्या काळात त्या कॉलेजात होता. तरीपण मराठी शाळांतल्या विज्ञानाच्या पुस्तकाची एक वाट त्या गावातून येते, हे मुलांना कळायला हरकत नाही.

२२ डिसेंबर

छापील चित्रांचा फलक.

१८३० मध्ये मॅसॅच्युसेट्सने राज्याच्या भूशास्त्रीय पाहणीचं काम एडवर्डला दिलं. सरकारी खर्चाने पूर्ण झालेली अमेरिकेतली ही पहिल्या पाहण्यांपैकी एक. तो घोडागाडीतून गावोगाव हिंडून दगड गोळा करायचा. १८३३ मध्ये मोठा अहवाल निघाला, १८४१ मध्ये अंतिम अहवाल. १८३३ च्या अहवालासोबतची कनेक्टिकट नदीच्या खोऱ्याची दृश्यं ओराने काढलेली. त्यांच्या शिळा बॉस्टनच्या पेंडलटन यांच्या छापखान्यात तयार झाल्या. शिळामुद्रण, म्हणजे दगडावर चित्र काढून छापणं, अमेरिकेत तेव्हा नवंच होतं. ॲमहर्स्टच्या शरद ऋतूतल्या दृश्याची प्रत हाताने रंगवलेली आहे, लाल-पिवळ्या मेपलची गर्दी.

या दृश्यांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे डोंगर. साधा निसर्गचित्रकार डोंगराला निळं धुकं देऊन मोकळा होतो. ओराचा शुगरलोफ डोंगर बघा, कडा कुठे तुटलाय, खाली घसारा कुठे साचलाय, सगळं दिसतं. होल्योक डोंगराची रांग तर बेसॉल्टची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा दगड, जरी वयाने कितीतरी जुना. भूगोलाच्या बाईंनी हे ऐकून लगेच एक नकाशा कबूल केला.

४ जानेवारी

आज शीर्षकावरून वादावादी झाली. मसुद्यात कुणीतरी ‘पतीच्या संशोधनकार्यात मोलाची साथ देणारी’ असं लिहून ठेवलं होतं. चांगल्या भावनेने लिहिलंय, मान्य. पण अशी वाक्यं आपण श्रद्धांजलीच्या सभेत दरमहा ऐकतो.

एडवर्डने १८५१ मध्ये ‘द रिलिजन ऑफ जिऑलॉजी’ हे पुस्तक तिला अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत त्याने मोकळेपणी लिहिलंय की प्रकृती खचलेली, पैसा नाही, मन निराश, अशा काळात तिने सावरलं नसतं तर आपण कधीच बुडालो असतो. घरसंसाराचा भार तिने उचलला म्हणून विज्ञानाला वेळ मिळाला. पुढे तो म्हणतो, मी वस्तुस्थिती लेखणीने नुसती सांगितली, तिच्या पेन्सिलीने ती किती जिवंत केली. आणि विद्यार्थ्यांना भूशास्त्राची गोडी लावण्यात माझ्या आवाजापेक्षा तिच्या कलेचा वाटा मोठा आहे.

भूगोलाच्या बाईंचं म्हणणं, नवऱ्याने इतकं छापून कबूल केलंय तर आणखी काय हवं? मुद्दा बिनतोड आहे. एकोणिसाव्या शतकातले किती प्रोफेसर असं लिहीत होते? मी त्याच्यावर नाराज नाही. माझी तक्रार आपल्या मसुद्यावर आहे. जिने लग्नाआधी पाच वर्षं वर्ग घेतला, तिला तक्ता कसा असावा हे नवऱ्याने शिकवलं नसणार. ते वर्गातून आलं. नीट पाहिलं तर ती लग्नानंतरही शिकवतच होती, फक्त वर्गात उभी नव्हती. आणि त्या वर्गात बसायचीही तिला सोय नव्हती, ॲमहर्स्ट कॉलेज मुलींसाठी उघडलं ते थेट १९७५ मध्ये.

शेवटी शीर्षकात ‘चित्रकार आणि शिक्षिका’ एवढंच ठेवलं. अर्पणपत्रिकेचा सारांश आत, चौथ्या फलकावर.

मला हे इतकं का लागलं हे स्टाफरूममधल्या कुणालाही विचारा. स्नेहसंमेलनाचं नेपथ्य, परीक्षेचे फलक, पाहुण्यांच्या नावाची रांगोळी, आणि अहवालात ‘कलाविभागाचे सहकार्य लाभले’.

१२ जानेवारी

पाऊलखुणांचा फलक. विषय मुलांच्या आवडीचा, पण नाजूक.

कनेक्टिकट खोऱ्यातल्या वालुकाश्मात तीन बोटांच्या खुणा सापडत. १८०२ मध्ये साउथ हॅडलीच्या प्लिनी मूडी या शेतकरी घरातल्या मुलाला नांगरताना अशी फरशी मिळाली होती. लोक त्यांना बायबलमधल्या नोहाच्या कावळ्याच्या पाऊलखुणा म्हणत. १८३५ मध्ये ग्रीनफील्डचे डॉक्टर जेम्स डीन यांनी अशा खुणा एडवर्डच्या नजरेला आणल्या आणि त्याने उरलेलं आयुष्य त्यांच्या अभ्यासाला दिलं. त्याच्या मते त्या महाकाय पक्ष्यांच्या होत्या. आज आपण त्या डायनासोरच्या म्हणतो, आणि पक्षी हे डायनासोरचेच वंशज ठरल्यामुळे तो तितकासा चुकलाही नाही.

दोघंही श्रद्धाळू ख्रिस्ती. खडकाचा थर म्हणजे ईश्वराच्या योजनेचं पान, अशी त्यांची धारणा. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९ मध्ये आला, तो एडवर्डला पटला नाही. मुलं विचारणारच की मग हे विज्ञान कसलं? फलकावर सरळ लिहिलंय : पृथ्वी फार जुनी आहे हे ते मानत होते, थर आणि जीवाश्म जसे दिसले तसेच नोंदवत होते, त्यांचा अर्थ मात्र धर्माच्या चौकटीत लावत होते. ओराच्या रेघेत या चौकटीमुळे फरक पडलेला मला तरी दिसत नाही.

२० जानेवारी

कुटुंबाचा छोटा फलक. आठ मुलं झाली, सहा जगली. एडवर्ड ज्युनियरचा जन्म १८२८, तो पुढे ॲमहर्स्टमध्येच शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक झाला. चार्ल्सचा जन्म १८३६, तो भूशास्त्रज्ञ झाला, डार्टमथला शिकवलं.

ही सालं तक्त्यांच्या सालांशेजारी ठेवून पाहिली. ऑक्टोपस, मॅस्टोडॉन, खडकांचे छेद, सगळं याच वर्षांतलं. पाळण्यात एक, पायात दुसरं, आणि टेबलावर पसरलेलं कापड. शाईची दौत कुठे ठेवत असेल ही बाई?

मेरी लायन या कुटुंबाच्या जवळची. ती हिचकॉक यांच्या घरी राहिली, एडवर्डकडे विज्ञान शिकली, आणि १८३७ मध्ये तिने साउथ हॅडलीला माउंट होल्योक ही मुलींची संस्था काढली. तिथे मुलींना विज्ञान प्रयोगासह शिकवलं जाई. ॲमहर्स्टमध्ये वाढलेल्या कवयित्री एमिली डिकिन्सनने पुढे तिथे एक वर्ष काढलं. डिकिन्सनच्या नावाने इंग्रजीच्या सरांचा चेहरा खुलला. त्यांना एक चौकट दिली. कविता नको म्हटलं, जागा नाही.

३० जानेवारी

१८५० च्या युरोप प्रवासाचा फलक गाळला. एडवर्ड तेव्हा कॉलेजचा अध्यक्ष होता, राज्यातर्फे तिकडच्या शेतकी शाळा बघायला गेला. ओरा सोबत होती, तिने रोजनिशी लिहिली. वाचायला छान आहे, पण भिंतीवर दाखवण्यासारखं त्यात फार नाही. ती जागा मुलींच्या तक्त्याला.

११ फेब्रुवारी

मुलींचा तक्ता पूर्ण. टेलरमामांनी चारी काठ दुमडून टीप मारली, वर दांडीसाठी नेफा केला, खाली वजनाला दुसरी दांडी. खालची दांडी नसेल तर पंख्याच्या वाऱ्याने डोंगर हलतो.

मधल्या थराचा राखाडी अजून फिका आहे, उद्या दुसरा हात द्यायचा. अक्षरं कमी करायला सांगितली. थरांची नावं काढून फक्त ‘अ’, ‘आ’, ‘इ’ ठेवायचं, नावं शिक्षक बोलेल. ओराच्या तक्त्यांवरही मजकूर असाच बेतास बात असतो. तक्ता बोलणाऱ्यासाठी आहे, त्यानेच सगळं सांगून टाकलं तर बाईंनी वर्गात करायचं काय?

छापखान्याला मजकूर सोमवारी जाईल. पहिल्या फलकावरचं शेवटचं वाक्य भूगोलाच्या बाईंनीच बदलून दिलं : ‘१८१३ ते १८१८ डीअरफील्ड अकादमीत अध्यापन, त्यानंतर ॲमहर्स्ट कॉलेजसाठी तक्ते.’ मी सही केली. सुतार २६ तारखेला सकाळी येतो म्हणालाय, भिंतीवरचे जुने खिळे तेवढे आधी काढून घ्यायचे आहेत.